चित्रपट तिघांनी मिळून केला, मूळ चित्रण एकाकडेच आहे आणि बोलणे बंद झाले आहे. पुढे काय करावे?

प्रश्न
भोगावतीकाठ

सप्रेम नमस्कार. मी कोल्हापूरचा. स्वतःच्या खर्चाने माझा पहिला चित्रपट केला आणि तो पूर्ण होण्याच्या बेतात असताना गेले चार महिने ज्या पेचात अडकलो आहे, तो येथे सविस्तर मांडत आहे. या वाटेने आधी गेलेल्यांनी आणि कायदा जाणणाऱ्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

आम्ही तिघे आहोत. लेखन आणि दिग्दर्शन माझे. छायाचित्रण करणारा मित्र मंगळवार पेठेतला. आमची ओळख व्यायामाच्या तालमीपासूनची, म्हणजे वीस वर्षांची. संकलन करणारी मैत्रीण पुण्यात काही वर्षे मालिकांचे काम करून आता कोल्हापुरात परतली आहे. कथा करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळाची आहे; ऊस कारखान्याला जाऊ लागतो, गुऱ्हाळाचा शेवटचा हंगाम येतो आणि त्या हंगामात एका वयस्कर गुळव्याचे, म्हणजे गूळ रांधणाऱ्याचे, काय होते, एवढीच ती कथा. पटकथेवर मी दोन वर्षे खर्च केली. गुऱ्हाळ खरोखर चालू असेल तेव्हाच चित्रीकरण करायचे असे ठरवल्यामुळे ते दोन टप्प्यांत, एकूण १९ दिवस चालले.

पैशाचे असे झाले. माझे ५ लाख ४० हजार रुपये गेले. त्यांतले ३ लाख पतसंस्थेचे कर्ज आहे. संकलन करणाऱ्या मैत्रिणीने १ लाख ५० हजार घातले. मित्राने रोख काही दिले नाही, पण कॅमेरा आणि तीन लेन्स त्याच्या स्वतःच्या होत्या आणि त्यांचे भाडे त्याने घेतले नाही. लेखी करार कोणाशीच केला नाही. वीस वर्षांच्या मित्राकडून कागदावर सही घ्यायची, हा विचारच त्या वेळी अवघड वाटला.

वादाची सुरुवात एका दृश्यापासून झाली. रात्रीचे आधण, म्हणजे गुळासाठी रस उकळण्याची एक खेप आहे. काहिलीतला, म्हणजे मोठ्या कढईतला, रस उकळून घट्ट होत आला आहे, गुळव्या मळी काढतो आहे, बोटे गार पाण्यात बुडवून पाकाची गोळी वळून पाहतो आहे, आणि पुन्हा पाहतो आहे, कारण काहील उतरवण्याची वेळ थोडी जरी चुकली तरी सगळे आधण वाया जाते. हात खऱ्या गुळव्याचे आहेत. माझ्या मित्राने हे दृश्य काहिलीच्या कडेला वाफेत उभे राहून, कॅमेरा हातात धरून, न थांबता सात मिनिटे घेतले. त्यात त्याच्या मनगटावर पाकही उडाला. पहिले संकलन २ तास ८ मिनिटांचे झाले होते. ते ९४ मिनिटांवर आणताना आम्ही हे दृश्य १ मिनिट ४० सेकंदांचे केले. त्याला ते संकलन झाल्यावर कळले.

त्यानंतर महोत्सवाचा प्रवेशअर्ज भरताना मी दिग्दर्शक आणि निर्माता म्हणून फक्त माझे नाव लिहिले. त्याचे म्हणणे असे की, पहिला टप्पा संपला त्या रात्री ‘दिग्दर्शक म्हणून आपल्या दोघांची नावे लावू’ असे मी त्याला बोललो होतो. मी तसे बोललो असेन, हे मी नाकारत नाही. पण ते काम चांगले झाल्याच्या आनंदात बोललेले वाक्य होते, वचन म्हणून बोललेले नव्हते.

आता मूळ चित्रण असलेल्या चार टेराबाइटच्या दोन्ही हार्ड डिस्क त्याच्या घरी आहेत. संकलनासाठी वापरलेल्या कमी दर्जाच्या प्रती तेवढ्या आमच्याकडे आहेत. त्यांवरून अंतिम प्रत निघू शकत नाही. तो फोन उचलत नाही. माझ्या चित्रपटाची स्वतःची वेगळी आवृत्ती तयार करून तो ती दुसऱ्या महोत्सवाला पाठवणार आहे, असे तिसऱ्याकडून कानावर आले. हा चित्रपट कायद्याने कोणाचा? डिस्क मिळवण्यासाठी पोलिसांत तक्रार द्यावी का? आणि त्याने आवृत्ती पाठवलीच, तर ती थांबवता येईल का?

उत्तर १
बावड्यातील वकील

नमस्कार. मी कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात दिवाणी कामे पाहते. कागद न पाहता निश्चित सल्ला देता येत नाही, तरी कायद्याची चौकट सांगते.

पहिली गोष्ट आपल्याला कदाचित अनपेक्षित वाटेल. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्रपटाचा ‘कर्ता’ दिग्दर्शक नसतो आणि छायाचित्रणकारही नसतो. तो निर्माता असतो. निर्माता कोण, तर चित्रपट घडवण्यासाठी ज्याने पुढाकार घेतला आणि जबाबदारी उचलली तो. त्यामुळे ‘दिग्दर्शक मी की तो’ हा तुमच्यातला वाद मानाच्या दृष्टीने कितीही मोठा असला, तरी मालकीचा निकाल त्यावर लागणार नाही. मालकीचा प्रश्न वेगळा आहे: पुढाकार आणि जबाबदारी तुमची एकट्याची होती, की तिघांची? आपणच लिहिले आहे की पैसे दोघांनी घातले आणि तिसऱ्याने स्वतःची यंत्रसामग्री विनामूल्य दिली. समोरचा वकील हेच वाक्य घेऊन उभा राहील आणि म्हणेल की ही तोंडी भागीदारी होती. भागीदारी तोंडीही असू शकते. आणि १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे वेगळे काही ठरलेले नसेल, तर भागीदारांचा नफ्यातोट्यातील वाटा समान धरला जातो. म्हणजे ५ लाख ४० हजार घालणारा आणि रोख काही न घालणारा, असे दोघेही एक तृतीयांशाचे धनी ठरू शकतात. न्यायालय असेच म्हणेल असे मी म्हणत नाही. असा युक्तिवाद उभा राहू शकतो, एवढे ध्यानात ठेवा.

पटकथा मात्र वेगळी मालमत्ता आहे. ती आपण एकट्याने लिहिली असेल, तर तिचा कॉपीराइट आपला आहे आणि लेखी हस्तांतरण केल्याशिवाय तो कोणाकडे जात नाही. मित्राने स्वतंत्र आवृत्ती बाहेर काढली, तर तिला हरकत घेण्याचा आपला सर्वांत भक्कम आधार हाच आहे. पटकथेचे जुने मसुदे, तारखांसह ईमेल आणि नोंदणी केली असल्यास तिची पावती हे सगळे आजच एकत्र करून ठेवा.

पोलिसांचे विचाराल तर तो मार्ग मी सुचवणार नाही. डिस्क त्याने चोरून नेलेल्या नाहीत, त्या कामाच्या ओघात त्याच्याकडे राहिल्या आहेत; ठाण्यात हा दिवाणी वाद आहे असेच सांगतील, आणि तक्रारीची बातमी पेठेत पोहोचली की तडजोडीचे दार बंद होईल. दावा करायचाच झाला तर तो जिल्हा न्यायालयात होईल. त्याआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दावापूर्व मध्यस्थीसाठी अर्ज करा. तेथे झालेली तडजोड लेखी होते.

आणखी एक गोष्ट आपण विचारली नाही, तरी सांगते. नटांकडून, गावकऱ्यांकडून आणि ज्यांचे हात पडद्यावर दिसतात त्या गुळव्याकडून लेखी संमती घेतली आहे का? उद्या तुम्ही तिघे एक झालात आणि कोणी चित्रपट विकत घ्यायला आला, तर तो पहिल्यांदा हेच कागद मागेल.

उत्तर २
ध्वनिमुद्रक, राजारामपुरी

मालकीचा निकाल लागायचा तेव्हा लागेल. त्याआधी चित्रण वाचवा. दोन डिस्क आहेत असे आपण लिहिले आहे, पण दुसरी ही पहिलीची प्रत आहे, की पहिला टप्पा एकीवर आणि दुसरा दुसरीवर, हे लिहिलेले नाही. दुसरे खरे असेल तर १९ दिवसांच्या कामाची जगात एकच प्रत आहे आणि ती कोणाच्या तरी कपाटात आहे. कोणाच्या कपाटात, याला तूर्त महत्त्व नाही.

म्हणून मित्राला निरोप पाठवाल तेव्हा ‘डिस्क परत दे’ असे लिहू नका. ‘डिस्क तुझ्याकडेच राहू दे, आपण दोन कोऱ्या डिस्क घेऊन तुझ्या घरी, तुझ्यासमोर प्रत काढू’ असे लिहा. हे मान्य करताना त्याला काही गमवावे लागत नाही. प्रत नुसती ओढून टाकू नका. प्रत्येक फाइल मुळाशी ताडून पाहणाऱ्या सॉफ्टवेअरने काढा आणि त्याने दिलेला अहवाल तिघांनी जपून ठेवा. साध्या फिरत्या डिस्कवरून तीन-साडेतीन टेराबाइट उतरवायला आठ-दहा तास सहज लागतात, तेव्हा सवड काढून जा. वेगळा मुद्रित केलेला ध्वनीही त्यातच आहे ना, तेही पाहा. वाद चित्रावर होतात आणि आवाजाचे फोल्डर मागे राहते, हे मी दोनदा पाहिले आहे.

महोत्सवाला ‘हा चित्रपट वादग्रस्त आहे’ असे पत्र पाठवण्याचा विचार मनात आला असेल, तर तो सोडून द्या. अशी पत्रे पोहोचली की आयोजक खरे-खोटे करत बसत नाहीत, दोन्ही आवृत्त्या बाजूला ठेवतात.

उत्तर ३
उजेड

मी छायाचित्रणकार आहे. आपल्या मित्राला ओळखत नाही, पण आपला प्रश्न वाचून त्याची बाजू मांडण्यावाचून राहवले नाही. शब्द कठोर वाटले तर क्षमा असावी.

आपण प्रश्नाचे शीर्षक ‘तिघांनी मिळून केला’ असे दिले आहे आणि शेवटी ‘माझ्या चित्रपटाची स्वतःची वेगळी आवृत्ती’ असे लिहिले आहे. या दोन वाक्यांत जे अंतर आहे, तेवढेच तुमच्या दोघांत पडले आहे असे मला वाटते. मनगटावर पाक उडाल्याचे आपण एका ओळीत सांगून पुढे गेलात. उकळता पाक पाण्यासारखा ओघळून जात नाही, तो कातडीला चिकटतो. तरीही त्याने कॅमेरा हलू दिला नाही, कारण काहील उतरण्याचा क्षण पुन्हा मिळणार नव्हता. ते दृश्य ९४ मिनिटांत बसत नसेल, तर कापण्याचा अधिकार दिग्दर्शकाचा आहे, हे मला मान्य आहे. पण कापण्याआधी त्याला शेजारी बसवून दाखवायला हवे होते. त्याने विरोध केला असता, कदाचित रात्रभर भांडला असता. पण ते भांडण संकलनाच्या खोलीत झाले असते, वकिलांपर्यंत आले नसते.

भाड्याचेही तसेच. ‘त्याने भाडे घेतले नाही’ असे आपण लिहिता. कॅमेरा आणि तीन लेन्स १९ दिवस बाहेरून आणल्या असत्या तर किती पडले असते, याचे दरपत्रक शहरातल्या कॅमेरे भाड्याने देणाऱ्या कोणत्याही दुकानातून मागवा. त्यात त्याची १९ दिवसांची मजुरी मिळवा. येणारा आकडा आपल्या रकमेच्या किती जवळ जातो, हे एकदा कागदावर पाहा. माझा अंदाज आहे की आपण चकित व्हाल.

आपण ज्या शहरात हा चित्रपट करत आहात, त्या शहरात १ जून १९२९ रोजी प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली. दामले, फत्तेलाल, धायबर आणि शांताराम हे चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेले कसबी लोक होते, आणि भांडवलासाठी सीतारामपंत कुलकर्णी आले. त्यांतले केशवराव धायबर छायाचित्रणकार होते. तरी त्यांचे नाव कामगारांच्या यादीत नव्हते, भागीदारांत होते. कसब हेही भांडवलच, ही समज त्या पाच जणांना पहिल्या दिवशी होती. पुढे त्यांच्यातही फाटाफूट झाली, धायबर गेले, १९४२ मध्ये शांतारामबापूही बाहेर पडले, हे खरे आहे. पण भागीदार कोण आहे, याबद्दल त्यांच्यात संदिग्धता नव्हती. तुमच्याकडे नेमकी तीच आहे.

सहदिग्दर्शनाच्या श्रेयाबद्दल माझे मत आपल्या बाजूचे आहे. पटकथा आपली, नटांबरोबर तालमी आपण घेतल्या असतील, तर केवळ एका रात्रीच्या वाक्यावरून ते श्रेय वाटून घ्यावे असे मला वाटत नाही. पण तसे त्याला समोर बसून सांगा. प्रवेशअर्जातून सांगू नका.

उत्तर ४
जुना भागीदार

वकीलताईंनी आणि इतरांनी सांगितले त्यात मला एकाच अनुभवाची भर घालायची आहे.

सहा वर्षांपूर्वी आम्ही चौघांनी पन्हाळ्याच्या पायथ्याला एक चित्रपट केला. भांडण पैशाचे होते, रक्कम ८० हजारांची होती, आणि डिस्क माझ्याकडे होती. होय, तुमच्या गोष्टीतला डिस्कवाला मित्र म्हणजे आमच्या गोष्टीतला मी. ती मी आईच्या लोखंडी ट्रंकेत, धुतलेल्या चादरींच्या खाली ठेवली होती आणि माझा हिशेब होईपर्यंत ती काढणार नाही असे सर्वांना सांगितले होते. मी चित्रपटाचे रक्षण करतो आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

साडेतीन वर्षांनी समेट झाला. तिघे माझ्या घरी आले, आईने सर्वांना जेवायला वाढले, आणि जेवण झाल्यावर मी ट्रंक उघडून डिस्क लॅपटॉपला जोडली. ती फिरली नाही. आतून टक् टक् असा आवाज येत राहिला आणि थोड्या वेळाने तोही थांबला. मुंबईला एका दुरुस्ती केंद्रात पाठवली. त्यांनी परत केलेल्या फाइलींत ओळीने ११ मिनिटेही चित्रण सापडले नाही. जेवताना जे हसत होते, त्या तिघांचे चेहरे टक् टक् ऐकताना कसे झाले, ते मला अजून दिसतात.

कृपया हे उत्तर आपल्या मित्राला दाखवा. तो फोन उचलत नसेल तर छापून त्याच्या दारातून आत सरकवा.

भोगावतीकाठ यांचे पुढील निवेदन
(तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे आभार मानण्यासाठी आणि काय घडले ते सांगण्यासाठी लिहीत आहे.

‘उजेड’ यांचे उत्तर मी दोनदा वाचले. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचल्यावर दरपत्रक मागवले. कॅमेरा, लेन्स आणि मजुरी धरून आकडा ४ लाखांच्या वर गेला. तो आकडा मी संकलन करणाऱ्या मैत्रिणीला दाखवला तेव्हा ती एवढेच म्हणाली, “मी तुला हे जानेवारीत सांगितलं होतं.” तिने सांगितले होते. मला ते आठवतही नव्हते.

‘जुना भागीदार’ यांचे उत्तर मी छापून मित्राच्या घरी दिले. त्याच रात्री त्याचा निरोप आला, आणि आम्ही गंगावेशीत दूध कट्ट्यावर भेटलो. तालीम संपवून आम्ही तिथेच जात असू. पहिला पेला संपेपर्यंत कोणी काही बोलले नाही. त्याच्या मनगटावर रुपयाएवढा, कडा उंचावलेला डाग आहे. चित्रीकरणानंतर इतके महिने आम्ही एकत्र काम केले आणि मी तो नीट पाहिला नव्हता. मी त्याची आधी क्षमा मागितली, दृश्य न दाखवता कापल्याबद्दल. श्रेयाबद्दल नाही मागितली, कारण तिथे माझे मत बदललेले नाही, आणि तेही मी त्याला तिथेच सांगितले. तो उठून जाईल असे वाटले होते. तो बसून राहिला.

डिस्क एकमेकींच्या प्रती नव्हत्याच. ध्वनिमुद्रक यांची शंका खरी ठरली. त्याच्या घरी दोन रात्री बसून आम्ही तिघांनी प्रती काढल्या आणि अहवाल ताडून पाहिला. दुसऱ्या टप्प्यातल्या दोन फाइली पहिल्या खेपेला जुळल्या नाहीत, तेव्हा तिघांच्याही तोंडचे पाणी पळाले. त्या पुन्हा उतरवल्यावर जुळल्या. आता एक संच त्याच्याकडे, एक माझ्याकडे आणि एक मैत्रिणीकडे आहे. वेगळ्या आवृत्तीबद्दल विचारले, तर त्याने ती खरेच सुरू केली होती आणि दाखवलीही. तिच्यातला सुरुवातीचा भाग आमच्यापेक्षा चांगला आहे, तो आम्ही घेत आहोत. आधणाचे दृश्य ४ मिनिटे ५० सेकंदांचे झाले आहे. त्याला ते अजूनही अपुरे वाटते आणि मला थोडे लांब.

पैशाचा हिशेब रोख आणि कसब एकत्र धरून तिघांच्या वाट्यांत मांडला आहे आणि पाचशे रुपयांच्या मुद्रांक कागदावर सह्या होतील. श्रेयनामावलीचा प्रश्न सुटलेला नाही. तो सहदिग्दर्शक या शब्दावर ठाम आहे, मी नाही म्हणतो, आणि मैत्रिणीने दोघांनाही महिनाभर तो विषय काढू नका असे बजावले आहे. आम्ही तो काढलेला नाही.

वकीलताई, येत्या रविवारी आम्ही तिघे संमतीपत्रे घेऊन गावी जात आहोत. गुळव्या आजोबा सही करत नाहीत, अंगठा उठवतात. तो चालेल का?

बावड्यातील वकील

चालेल. मजकूर मराठीतच ठेवा, इंग्रजी नमुना वापरू नका. तुमच्या तिघांपैकी नसलेल्या, शक्यतो गावातल्या आणि वाचता येणाऱ्या माणसाकडून तो आजोबांना सावकाश वाचून दाखवा. ‘वाचून दाखविले, समजले व मान्य आहे’ असे अंगठ्याखाली लिहा, कोणी वाचून दाखवले त्याचे नाव व सही घ्या आणि आणखी दोन साक्षीदार ठेवा. मोबदल्याची रक्कम आकड्यांत आणि अक्षरांत दोन्ही लिहा, आणि ती त्याच वेळी त्यांच्या हातात द्या. एक प्रत त्यांच्याकडे ठेवून या. सह्या होण्याआधी आपल्या तिघांच्या कराराचा मसुदा मला पाहायला मिळाला तर बरे होईल. वाट्यांबरोबर तोट्याचे काय, पतसंस्थेचे हप्ते कोणाच्या वाट्यातून जाणार, आणि उद्या एकाला बाहेर पडायचे असेल तर त्याने कसे पडायचे, ही तीन कलमे बहुतेक लोक विसरतात.